बंदिवानास पत्र

पोस्टमनची वाट पाहण्याचें कारण आपणांस आतां फारसें उरलेलें नाहीं. परंतु ज्याला दाराबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं, त्याच्या दृष्टीनें एका साध्या पाकिटाची किंमत काय असते, याचा विचार आज आम्ही करणार आहों. निरनिराळ्या देशांत विद्यापीठांतील विद्यार्थी तुरुंगांतील माणसांस पत्रें लिहितात. तुमच्यापैकीं जे उद्यां महाविद्यालयांत जातील, त्यांच्यापुढेंही हें काम येण्याचा संभव आहे. तें कसें करावें, हें आधींच समजलेलें बरें.

दक्षिण आफ्रिकेंतील नेल्सन मंडेला यांना १९६४ सालीं जन्मठेपेची शिक्षा होऊन रॉबेन बेटावर पाठविण्यांत आलें. आरंभीं त्यांना सहा महिन्यांत एक पत्र लिहिण्याची व एक स्वीकारण्याची मुभा होती, आणि पत्राची मर्यादा ५०० शब्दांची. म्हणजे साधारणतः या लेखाएवढें एक पत्र, आणि पुढें सहा महिने मौन! त्यांतही नको असलेला मजकूर अधिकारी कापून काढीत. कित्येक पत्रें तर पोंचतच नसत. म्हणून मंडेला आपल्या पत्रांच्या नकला वह्यांत उतरून ठेवीत. त्या वह्याही काढून घेण्यांत आल्या. त्यांतील दोन एका माजी पोलीस अधिकाऱ्यानें २००४ सालीं परत आणून दिल्या. याच बेटावर राहून त्यांनीं लंडन विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास टपालानें चालविला होता, हेंही येथें सांगण्यासारखें आहे.

१९६१ च्या मे महिन्यांत पीटर बेनेन्सन या इंग्रज वकिलानें ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत विस्मृत बंदिवानांविषयीं लेख लिहिला आणि त्यांतून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था जन्मास आली. पुढें अनेक विद्यापीठांत तिच्या शाखा निघाल्या. १९७३ सालीं ब्राझीलमध्यें लुईस रॉसी नांवाच्या प्राध्यापकास पकडून नेलें, तेव्हां त्यांच्यासाठीं देशोदेशींहून पत्रें गेलीं. आपलें प्रकरण जगजाहीर झालें आहे हें कळल्यावर, आतां आपणांस हे लोक मारूं शकणार नाहींत अशी खात्री पटली, असें रॉसी यांनीं मागाहून सांगितलें. पत्रांत काय लिहिलें होतें यापेक्षां तीं आलीं होतीं, यालाच येथें महत्त्व!

तथापि मंडेला किंवा रॉसी यांना पत्र लिहिणें सोपें आहे. थोर पुरुषाशीं ओळख कोणास नको? तुरुंगांत बहुतेक माणसें तशीं नसतात. कोणी चोरी केलेली असते, कोणी खूनही. आणि आपल्या देशांत २०२२ च्या अखेरीस दर चार बंदिवानांपैकीं सुमारें तीन कच्चे कैदी होते; त्यांचा अपराध अद्याप सिद्धच झालेला नव्हता. मत्तयाच्या शुभवर्तमानांत २५ व्या अध्यायांत भुकेल्यास अन्न व परक्यास आसरा यांच्या ओळींतच बंदिवानाचा समाचार घेणें येतें, आणि त्याचा अपराध कोणता हें तेथें विचारलेलें नाहीं. दिल्लीच्या तिहार तुरुंगांत सुनील बत्रा नांवाचा एक कैदी होता. त्याला फांशीची शिक्षा सुनावलेली होती. त्यानें सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींस पत्र लिहिलें, तें स्वतःकरितां नव्हे. एका वॉर्डरनें दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला, एवढेंच त्यांत होतें. न्यायालयानें तें पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतलें आणि डिसेंबर १९७९ मध्यें कैद्यांच्या संरक्षणाचा निर्णय दिला.

पालकांस काळजी वाटेल, आणि ती रास्त आहे. अमेरिकेंतील टेंपल विद्यापीठानें १९९७ सालीं विद्यार्थी व बंदिवान यांचा एकत्र वर्ग तुरुंगांतच सुरू केला. त्यांत फक्त पहिल्या नांवानेंच ओळख द्यावयाची आणि वर्ग संपल्यावर परस्परांशीं संबंध ठेवावयाचा नाहीं, असा दंडक आहे. तो प्रथम कठोर वाटतो. परंतु पाळतां न येणारी मैत्री जोडण्यापेक्षां तो बरा, असें आमचें मत आहे. पत्रव्यवहारांतही तीच खबरदारी हवी. लहान मुलांनीं स्वतंत्रपणें असा उद्योग करूं नये. मोठ्यांनीं करावा तो संस्थेच्या मार्फत, संस्थेच्या पत्त्यावरून. पत्र अधिकारी वाचतात हें ध्यानांत असावें. सुटकेचें किंवा पैशाचें आश्वासन देऊं नये. अपराधाविषयीं आपण होऊन विचारूं नये. त्यानें सांगितलें तर ऐकावें.

आमच्या मतें मोठा दोष निराळाच आहे. उत्साहाच्या भरांत पहिलें पत्र जातें, उत्तर येतें, आणि मग आपला उत्साह मावळतो. आपण विसरतों, तो मात्र टपालाच्या वेळेस दाराकडे पाहत राहतो. असें होणार असेल तर पहिलें पत्र न लिहिलेलें बरें. लिहावयाचें तर साधेंच लिहावें: पाऊस कसा पडला, गावांत जत्रा केव्हां भरली, कोणतें पुस्तक वाचलें. परीक्षा जवळ आल्यामुळें महिनाभर लिहितां येणार नसेल तर तसें आधीं कळवावें, आणि परीक्षा संपतांच लेखणी हातीं घ्यावी.