वॉलोवा सरोवर : मुक्कामास जाण्यापूर्वींचा एक पाठ



सुटी लागली कीं डोंगरावर अगर सरोवराच्या कांठीं चार दिवस राहुटी ठोकून राहावें, अशी इच्छा पुष्कळांस होते. आणि ती इच्छा चांगलीच आहे. कोणाच्या घरीं पाहुणे म्हणून जातांना घर कोणाचें, तेथील रीतभात काय, याची आपण अगोदर चौकशी करितों. डोंगर व अरण्य यांच्याकडे जातांना मात्र अशी चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती करावी कशी, हें समजण्यासाठीं एका सरोवराचें उदाहरण घेऊं व त्याविषयीं तीन प्रश्न विचारूं : हें स्थळ कशानें घडलें? येथें पूर्वीं कोण राहत होतें? आणि येथें आपण कसें वागावें?

अमेरिकेंतील ऑरेगॉन राज्याच्या ईशान्य कोपऱ्यांत वॉलोवा नांवाची पर्वतराजी आहे. तिच्या उत्तर पायथ्याशीं, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,४०० फूट उंचीवर, वॉलोवा सरोवर पसरलेलें आहे. त्याची लांबी सुमारें साडेतीन मैल असून खोली सुमारें ३०० फूट आहे. सरोवराच्या दक्षिण टोकास राज्य सरकारनें राखलेलें उद्यान आहे. तेथें राहुट्या ठोकण्यास जागा आंखून दिलेल्या आहेत, आणि तेथूनच जवळ पर्वतांत जाणाऱ्या पाऊलवाटा सुरू होतात.

आतां पहिला प्रश्न. आपल्या सह्याद्रीच्या दऱ्या पावसानें व नद्यांनीं कोरल्या. ही दरी बर्फानें कोरली. प्राचीन हिमयुगांत या पर्वतांतून बर्फाचा एक प्रचंड प्रवाह हळूहळू खालीं सरकत असे. त्यास हिमनदी म्हणतात. ती आपल्याबरोबर दगडमाती ओढून आणी आणि दोन्ही कडांस व पुढील टोकास लोटी. अशा राशीस हिमोढ म्हणतात. हवा उष्ण होऊन बर्फ वितळलें, तेव्हां मधला खोलगट भाग पाण्यानें भरला व समोरच्या राशीनें तें पाणी अडविलें. आज सरोवराच्या पूर्वेस व पश्चिमेस सुमारें ९०० फूट उंचीचे जे लांबच लांब बांध दिसतात, ते मनुष्यानें घातलेले नाहींत. ते हिमनदीनें टाकलेले आहेत. हिमोढांचा इतका स्पष्ट नमुना फार थोड्या ठिकाणीं पाहावयास मिळतो, म्हणून भूगोलाचे अभ्यासक तेथें मुद्दाम जातात.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अधिक गंभीर आहे. या खोऱ्यांत निमीपू लोकांची एक शाखा पिढ्यान्‌पिढ्या राहत असे. गोरे लोक त्यांस नेझ पर्स म्हणत. त्यांचा नायक तुएकाकास यानें १८३९ सालीं हेन्री स्पाल्डिंग या मिशनऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला, व त्यास जोसेफ हें नांव मिळालें. १८५५ च्या करारांत वॉलोवा खोरें त्याच्या लोकांकडेच राहिलें होतें. पुढें १८६० मध्यें निमीपूंच्या मुलुखांत सोनें सांपडलें, आणि १८६३ सालीं नवा करार पुढें आला. त्यानें त्यांच्या भूमीचा सुमारें नऊ दशांश भाग काढून घेतला. वृद्ध जोसेफनें त्यावर सही केली नाहीं. तरी तो करार त्याच्यावरही लादण्यांत आला.

१८७१ सालीं वृद्ध जोसेफ वारला व त्याचा पुत्र, तोही जोसेफ याच नांवानें प्रसिद्ध, नायक झाला. १८७३ मध्यें राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनीं खोऱ्याचा कांहीं भाग या लोकांसाठीं राखून ठेविला. परंतु १८७५ मध्यें तो हुकूम मागें घेतला गेला. १८७७ च्या मे महिन्यांत तीस दिवसांत खोरें सोडण्याची ताकीद आली. त्यांतून युद्ध उद्भवलें. मुलेंबाळें, स्त्रिया व वृद्ध यांस बरोबर घेऊन हे लोक अकराशें मैलांहून अधिक चालले. कॅनडाची सरहद्द अवघी सुमारें चाळीस मैल उरली असतां, ५ ऑक्टोबर १८७७ रोजीं त्यांस शरण यावें लागलें. धाकटा जोसेफ १९०४ सालीं वारला. आपल्या खोऱ्यांत राहावयास त्यास पुन्हा जाऊं दिलें नाहीं.

ज्या नायकानें आपला धर्म स्वीकारला, त्याच्याशीं केलेलें वचनही राखलें गेलें नाहीं, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. १९२६ सालीं वृद्ध जोसेफच्या अस्थि सरोवराच्या उत्तर टोकाशीं आणून पुरण्यांत आल्या. जवळच्या गांवाचें नांवही जोसेफ असेंच आहे. सुदैवानें कथा येथेंच संपत नाहीं. २०२० सालीं पूर्वेकडील हिमोढाचा मोठा भाग सार्वजनिक मालकीचा झाला व त्यावर बांधकाम होण्याचें टळलें. त्याच सुमारास निमीपू लोकांनीं जोसेफ गांवाजवळ आपल्या पूर्वजांच्या भूमीचा एक तुकडा विकत घेतला. आपलीच भूमि विकत घ्यावी लागावी, याचा अर्थ तुम्हीच विचार करून पाहा.

आतां तिसरा प्रश्न : आपण कसें वागावें?

प्रथम चालण्याचा विचार करूं. उद्यानाजवळून निघणारी एक वाट आईस लेक या उंचावरील लहान सरोवराकडे जाते. अंतर सुमारें आठ मैल व चढ सुमारें ३,२०० फूट आहे. वेळ किती लागेल? नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा नियम सांगितला : दर तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. त्याप्रमाणें आठ मैलांस दोन तास चाळीस मिनिटें व चढास सुमारें एक तास छत्तीस मिनिटें, म्हणजे विश्रांति न धरतां सव्वाचार तास होतात. मुलें बरोबर असल्यास याहून पुष्कळ अधिक धरावे. परतीचा वेळ वेगळाच. ज्यानें हा हिशेब घरीं केला नाहीं, त्यास तो अंधारांत करावा लागतो.

दुसरें, थंडीचा विचार. दर हजार मीटर उंचीस हवेचें उष्णमान साधारणपणें साडेसहा अंश सेल्सियसनें उतरतें. ३,२०० फूट म्हणजे जवळजवळ हजार मीटर. म्हणून खालीं उन्हाळा वाटत असला, तरी वर सहा अंश अधिक गारवा असणारच. कित्येक उंच वाटांवर जुलैपर्यंत बर्फ राहतें, आणि उन्हाळ्यांत दुपारनंतर विजांचें वादळ येऊं शकतें. म्हणून पहाटे निघावें, लोकरीचा सदरा व पावसाचा कोट जवळ बाळगावा, आणि आकाश काळवंडतांच उघड्या कड्यावरून खालीं उतरावें. शिखर राहिलें तर पुन्हा येतां येतें.

तिसरें, मुक्कामाची शिस्त. त्या अरण्यांत काळीं अस्वलें आहेत; म्हणून खाद्यपदार्थ राहुटींत ठेवूं नयेत, बंद मोटारींत अगर त्यासाठीं केलेल्या पेटींत ठेवावेत. उद्यानांत हरणें माणसांच्या अगदीं जवळून फिरतात. त्यांस पाव अगर धान्य देण्याचा मोह मुलांस होतो. पण तें देऊं नये. हरणाच्या जठरांतील सूक्ष्म जंतु पाला पचविण्यास सरावलेले असतात. एकाएकीं पुष्कळ धान्य गेल्यास तेथें आम्ल वाढून तें जनावर मरूंही शकतें. आपली दया त्यास विष होते.

ओढ्याचें पाणी कितीही निर्मळ दिसलें, तरी उकळून प्यावें. भांडीं सरोवरांत धुऊं नयेत. कांठापासून दोनशें फूट दूर धुवावींत. शेकोटी परवानगी असेल तेथेंच पेटवावी, आणि विझवितांना पाणी ओतून, राख ढवळून, हातास गार लागेपर्यंत जागा सोडूं नये.

पालकांसही एक विनंति आहे. मुलांस अशा ठिकाणीं न्यावयाचें झाल्यास, मग तें ठिकाण परदेशांत असो कीं आपल्या तालुक्यांत, सामानाच्या यादीबरोबर हे तीन प्रश्नही कागदावर लिहून द्यावेत, आणि उत्तरें मुलांनींच शोधावींत. ज्या मुलास दरी कशी झाली हें ठाऊक आहे, तें दगडावर आपलें नांव कोरणार नाहीं. ज्यास तेथें कोणाचें घर होतें हें ठाऊक आहे, तें थडग्याजवळ गोंगाट करणार नाहीं. वॉलोवाच्या कांठीं लक्षावधि वर्षें बर्फानें काम केलें व शेंकडों पिढ्यांनीं संसार केले. आपण तेथें दोन रात्रींचे पाहुणे. पाहुण्यानें जागा आली तशी परत द्यावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.