जॉइनिंग फुकट, टिकवायला किती?

तुम्ही चार-पाच जणींना नेटवर्क मार्केटिंगमध्ये आणलंय. वाडीतली जाऊ, बचत गटातली मैत्रीण, ओरोसला नोकरी करणारी मामेबहीण. अपलाइन म्हणते, ‘आता त्यांना सांभाळ.’ सांभाळायला किती पैसे लागतात आणि ते कोणाच्या खिशातून जायचे, हे मात्र मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. तेवढंच इथे पाहू.

आधी, नव्या सभासदाकडून काय घेता येत नाही ते. २८ डिसेंबर २०२१ ला निघालेल्या थेट विक्रीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे कंपनीला प्रवेश फी घेता येत नाही, नूतनीकरण फी घेता येत नाही, डेमो किट किंवा साहित्य विकत घेण्याची अटही घालता येत नाही. नुसतं माणूस आणल्याबद्दल कोणाला पैसे किंवा बक्षीस देता येत नाही. कमिशन मिळायचं ते माल विकल्याचं. ‘दोन माणसं आण, तुझे पैसे सुटतील’ असं सांगून माल गळ्यात मारणं हेही मना आहे. ‘स्टार्टर पॅक’, ‘आयडी ॲक्टिव्हेशन’, ‘ट्रेनिंग चार्ज’ ही नवी नावं ऐकली तर एकच प्रश्न विचारा: हे नाही घेतलं तर आयडी मिळेल का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ती फीच आहे.

आता पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब. नवीन बाई सोडून जाते ती बहुतेक इथेच, आणि कंटाळून नव्हे. समजा तिने ३,००० रुपयांचा माल उचलला. छापील किंमत ३,७५०. कागदावर नफा ७५० रुपये. प्रत्यक्षात २,५०० चा माल खपला, त्यातले ५०० उधारीवर, आणि १,२५० चा माल कपाटात. हातात आले २,०००. म्हणजे ती हजार रुपये आत आहे. मालवणहून कसालमार्गे ओरोसला मीटिंगला केलेल्या फेऱ्या, चहापाणी, मोबाइलचा रिचार्ज अजून धरलेलाच नाही. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. अशा बाईला प्रोत्साहनाचा व्हिडिओ पाठवून काही होत नाही. तिला वही द्या: घेतला माल, विकला माल, आलेले पैसे, उधारी, प्रवास. पाच रकाने पुरे. दर पंधरा दिवसांनी ती वही तुम्ही स्वतः बघा. पहिला माल संपून पैसे हातात येईपर्यंत दुसरा उचलू देऊ नका, अपलाइनने कितीही ‘ऑफर आजच संपते’ म्हटलं तरी.

आपल्याकडचं वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या लीडरला कळत नाही. मे महिन्यात आंबा-काजूचे पैसे असतात, चाकरमानी आलेले असतात, विक्री होते. जून-जुलैत मासेमारी बंद. किनाऱ्यावरच्या घरांत तेव्हा पैसा जपून वापरतात. मग गणपतीला पुन्हा थोडी हालचाल. मेमध्ये जॉइन झालेली बाई जुलैत गप्प बसली तर ‘तिचा इंटरेस्ट गेला’ असं समजू नका, आणि टार्गेटही लावू नका. दुसरी गोष्ट: चाकरमान्याला विकलेला डबा पुन्हा विकला जाईलच असं नाही. तो मुंबईला जाऊन थेट ॲपवरून मागवतो. तिचं खरं गिऱ्हाईक म्हणजे बारा महिने गावात राहणारी माणसं, तेवढीच मोजा.

सगळ्यात महागडा छुपा खर्च तुमचाच असतो. महिना संपत आला, पॉइंट कमी पडतात, लेव्हल हातची जाणार. मग तुम्ही डाउनलाइनच्या आयडीवर स्वतःच्या पैशाने माल काढता. तिघींच्या नावावर प्रत्येकी २,००० रुपये म्हणजे महिन्याला ६,०००. सहा महिन्यांत ३६,०००. त्या बदल्यात आलेलं कमिशन मोजून बघा, आणि मग कपाट उघडा. आपल्या पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या पावडरचे गोळे होतात, मुदतीची तारीख तर जवळ येतच असते. ही विक्री नव्हे आणि टिकवणंही नव्हे. यासाठी बचत गटाचं अंतर्गत कर्ज काढत असाल तर थांबाच. तिथे व्याज सुरू होतं, आणि हप्ता चुकला तर बिघडतो तो सगळ्या गटाचा कारभार.

मग खर्च करायचा तो कशावर? पहिल्या पाच-सहा घरांना तिच्याबरोबर स्वतः जा. प्रवास तुमचा, चहा तुमचा. सेमिनार कोल्हापूरला किंवा गोव्यात असेल तर तिकीट, जेवण आणि राहणं यांचा पूर्ण आकडा आधी सांगा आणि ‘नाही आलीस तरी चालेल’ हे तोंडाने म्हणा. मालाच्या वापराचं, बिलाचं आणि परत घेण्याचं ट्रेनिंग गावातच, कोणाच्या तरी पडवीत करा. हॉलच्या भाड्याची वर्गणी नव्या सभासदावर लावू नका.

तिला कोणाच्याही घरी ‘गजाली मारूक येतंय’ म्हणून पाठवू नका. नियमाप्रमाणे विक्रेत्याने आधी वेळ ठरवून, ओळखपत्र घेऊन जायचं, आणि सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीकडून, कशासाठी आलो ते सांगायचं. कंपनीने मंजूर न केलेली पत्रकं वाटायची नाहीत. ‘शुगर बरी होते’ असं तर अजिबात म्हणायचं नाही. अशाने माल परत येतो, आणि गावातली ओळख तुटते ती वेगळी. खाण्याची सप्लिमेंट विकायची असतील तर तिच्या नावाने अन्न नोंदणी ऑनलाइन करा. छोट्या विक्रेत्याला सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये. एजंट याच्या कितीतरी पट मागतो.

कागदपत्रं अशी: आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो. त्याबदल्यात तिला मिळायला हवं ते जास्त महत्त्वाचं. कंपनीशी लेखी करार, ओळखपत्र, प्रत्येक खरेदीचं बिल. करारात ‘कूलिंग-ऑफ’ मुदत किती दिवसांची आहे ते शोधा. त्या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं. न विकलेला माल परत घेण्याची अट, किती दिवसांत, किती टक्के कापून, कुरियर कोणाचं, तेही बघा. सापडलं नाही तर कंपनीला ईमेल करून लेखी मागा. करार मुद्रांकावर हवाच असं कोणी सांगितलं तर पैसे काढायच्या आधी कारण विचारा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० चा मुद्रांक झालाय. तिचा आयडी आणि पासवर्ड तिच्याकडे, तिच्याच मोबाइलवर. ‘मीच चालवते तिचा आयडी’ म्हणजे पुढच्या भांडणाची तयारी.

कमिशनवर टीडीएस कापला जातो. वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेल्यावर २ टक्के. पॅन दिला नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेले पैसे परत मिळतात. हे नव्या बाईला आधीच सांगा, नाहीतर पहिला मोठा चेक कमी आला की संशय तुमच्यावर.

आणि ती सोडायची म्हणाली तर? सोडू द्या, पण पैसे अडकू देऊ नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार आणि तक्रार क्रमांक. पोच ४८ कामकाजी तासांत मिळायला हवी, निवारण साधारण महिन्याभरात. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन फुकट. त्यापुढे सिंधुदुर्गनगरीतला जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही होतो. आयोगासमोरच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. दारातल्या टायपिस्टने ५०० चा स्टॅम्प पुढे केला तर आत जाऊन खात्री करा.

एक मेख आहे. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत ‘ही ग्राहकच नव्हे, व्यापारी आहे’ असा बचाव कंपनी घेऊ शकते. म्हणून घरी वापरलेला माल आणि विकायला घेतलेला माल यांची बिलं पहिल्यापासून वेगळी ठेवायला सांगा.

मालच नाही, किंवा नावापुरता आहे, आणि पैसा फक्त माणसं जोडल्यावर फिरतोय, असं दिसलं तर मात्र टिकवण्याचा विचार सोडा. २०११ मध्ये स्पीक एशियाने ऑनलाइन सर्वेक्षणाच्या नावाखाली ११,००० रुपयांची वार्षिक वर्गणी घेतली होती आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं. पैसे भरणाऱ्याने कंपनीचा मालक कधी पाहिलेला नसतो. त्याला माहीत असतो तो जॉइन करून घेणारा शेजारी. मनी सर्क्युलेशनवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा योजना चालवणाऱ्यापुरता थांबत नाही. तिचा प्रचार करणं, सभासद होणं, पैसे घेणं किंवा पुढे पाठवणं, सगळंच त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अशा वेळी नवीन जॉइनिंग त्याच दिवशी बंद करा, चॅट आणि पावत्या जपा, सगळ्या जणींना घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालयात जा. तेही सिंधुदुर्गनगरीतच आहे. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

शेवटी, ग्राहक आयोगात जाताना करार, बिलं, बँकेचं स्टेटमेंट, ईमेलच्या छापील प्रती आणि आधार घ्या. विरुद्ध पक्ष जितके, तितक्या जादा प्रती. झेरॉक्स कुडाळ-कणकवलीला किंवा मालवणलाच काढून ठेवा, तिथे पोचून धावपळ नको. शनिवारी जाऊ नका. राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आहे.