वयोमानाच्या खाती घातलेली दुखणी

गेल्या काही महिन्यांत वाचक भगिनींकडून आलेल्या पत्रांत निरनिराळ्या तक्रारी आहेत, कुणाचे गुडघे धरतात, कुणाला खोकल्याची उबळ आली की लघवी आवरत नाही, कुणाला मध्यरात्री अंगातून वाफा निघून जाग येते, कुणाचे मन काही कारण नसता भरून येते, परंतु बहुतेक पत्रांच्या अखेरीस, आपल्याच तक्रारीचा निकाल आपणच लावून दप्तर बंद करावे तशा रीतीने लिहिलेले असते की, "हे वयोमानाप्रमाणे होणारच, तरी विचारून पाहावे म्हणून कळविले." त्या अखेरच्या वाक्याविषयीच मला आज लिहावयाचे आहे, कारण माझ्याकडे उशिराने येणाऱ्या दुखण्यांपैकी कितीतरी दुखणी ह्याच वाक्याच्या आड वर्षानुवर्षे दडून राहिलेली असतात.

प्रथम जे खरोखर वयाचे आहे ते सांगते. आपल्याकडील स्त्रियांची पाळी सरासरीने 46-47 व्या वर्षाच्या सुमारास जाते, आणि लागोपाठ 12 महिने ती आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. तत्पूर्वीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते, अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजेन घटत जाते, आणि मेंदूतील उष्णतेचे नियमन करणारे केंद्र अतिसंवेदनशील झाल्यामुळे छाती, मान व चेहरा एकाएकी तापून घाम फुटतो. हा काळ काही स्त्रियांना जाणवतही नाही, काहींची झोप वर्षानुवर्षे उडवतो. आणि ज्यांची झोप उडते त्यांना औषध उपलब्ध आहे हे बहुतेकींना कुणी सांगितलेलेच नसते. संप्रेरकांच्या उपचाराविषयी 2002 सालच्या एका मोठ्या अमेरिकन संशोधनानंतर जी धास्ती पसरली ती अद्याप ओसरलेली नाही. वास्तविक त्या संशोधनातील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, आणि साठीच्या आतील, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, निरोगी स्त्रीच्या बाबतीत लाभाचे पारडे पुष्कळदा जड ठरते, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर मात्र हा मार्ग बहुधा वर्ज्य समजावा, आणि कोणत्याही परिस्थितीत तो शेजारणीच्या गोळ्यांवरून ठरवू नये.

आपल्या समाजात ह्या स्थित्यंतराला एक उजळ बाजूही आहे, आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. ज्या घरांत पाळीच्या दिवसांत बाजूला बसण्याची रूढी कडकपणे पाळली गेली, त्या घरांतील कितीतरी स्त्रिया "सुटले एकदाची" असे मोकळ्या आवाजात सांगतात; देवघरात जाण्यास, सणाचा स्वयंपाक हाती घेण्यास, पंढरीच्या वाटेवर अठरा-वीस दिवस चालण्यास आता कसलीही आडकाठी उरत नाही, ह्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर दिसते. 1975 साली मार्चा फ्लिंट ह्या अमेरिकन अभ्यासिकेने राजस्थान व हिमाचल प्रदेशातील राजपूत स्त्रियांविषयी असेच लिहिले होते: पाळी गेल्यानंतर पडद्याबाहेर येऊन पुरुषांच्या बैठकीत बसण्याची मुभा मिळणाऱ्या त्या स्त्रिया पाळीतील बदलापलीकडे फारशी तक्रार सांगत नव्हत्या. मानमरातब वाढला म्हणजे शरीराचा त्रासही हलका वाटतो, हे मी माझ्या रुग्णांतही पाहिले आहे. तथापि तक्रार न सांगणे आणि तक्रार नसणे ह्यांत जे अंतर आहे ते डॉक्टरला विसरता येत नाही.

साठी उलटलेल्या एक बाई सुनेला बरोबर घेऊन गुडघ्यासाठी आल्या होत्या. गुडघा तपासून झाला, औषधे लिहून झाली, सून पैसे देण्यासाठी बाहेर गेली, आणि तेवढ्यात टेबलाच्या कडेला हात टेकून उठता उठता त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "दिवाळीपासून मधूनमधून डाग दिसतोय. पाळी परत आली वाटतं. चांगलंच की, अंगात रक्त आहे म्हणायचं." पाळी जाऊन त्यांना दहा वर्षे होऊन गेली होती. त्यांना पुन्हा बसवले, पोटाच्या सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले, त्याचा तुकडा काढून तपासला, आणि कर्करोगाचे निदान झाले. सुदैवाने तो गर्भाशयाबाहेर गेलेला नव्हता, शस्त्रक्रियेनंतर बाई बऱ्या झाल्या. गेलेली पाळी परत येत नाही, ही गोष्ट प्रत्येक घरात प्रत्येक स्त्रीला ठाऊक असली पाहिजे. बारा महिन्यांच्या खंडानंतर अंगावरून लाल गेले, मग तो केवळ एक डाग का असेना, तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींत कारण साधे निघते, योनिमार्गाचा कोरडेपणा, अस्तरावरचा निरुपद्रवी मांसाचा कोंब असे काही. परंतु आपण त्या नऊ जणींत आहोत की दहावी आहोत, हे घरी बसून कुणालाही ठरविता येणार नाही.

हाडांची झीज तर एवढाही इशारा देत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत ती इतक्या वेगाने होते की काही स्त्रिया हाडांच्या घनतेचा पाचवा हिस्सा तेवढ्यात गमावतात, आणि पहिली खबर मिळते ती मोरीत पाय घसरून मनगट मोडल्यावर. पाठीला पोक येणे हेही वयाचेच लक्षण मानले जाते. पुष्कळदा ते मणके दबून मोडल्याचे लक्षण असते. तरुणपणीच्या उंचीत दीड इंचाहून अधिक घट झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. ह्या वयात दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर दुधात ते सुमारे 300 मिलिग्रॅम आणि 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम असते. परंतु आपल्या घरांत दूध प्रथम नातवंडांना, मग कर्त्या पुरुषाला, आणि आजीच्या वाट्याला चहात पडलेले चमचाभर, अशी वाटणी आजही चालते, आणि ती आजीच करीत असते. माझी तिला विनंती आहे की वाटणी करताना स्वतःचा पेला प्रथम भरून बाजूला ठेवावा. जोडीला रोज अर्धा तास भरभर चालणे आणि तपासून ड जीवनसत्त्वाची भर घालणे, एवढे पुष्कळ आहे.

खोकताना लघवी निसटणे आणि "अंग बाहेर येणे" ह्या दोन तक्रारी तर स्त्रिया सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. लग्नकार्याला जाणे टाळतात, एस.टी.चा लांबचा प्रवास सोडतात, पाणी कमी पितात आणि त्यामुळे लघवीचा जंतुसंसर्ग ओढवून घेतात. लघवी अडवून धरताना जे स्नायू आपण आवळतो तेच स्नायू, लघवीच्या वेळी नव्हे तर एरव्ही बसल्या जागी, पाच ते दहा सेकंद आवळून सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. ह्या व्यायामाने पुष्कळ स्त्रियांचा त्रास निम्म्याहून कमी होतो. अंग फारच खाली येत असेल तर आत बसविण्याची रिंग मिळते, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया आहे.

एका अन्यायाविषयी बोलल्यावाचून मात्र राहवत नाही. वार्धक्य उशिरा नव्हे, अकाली लादले जाण्याचा तो प्रकार आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या जातात, अशी ओरड झाल्यावर 2019 साली शासनाने केलेल्या पाहणीत, 82,000 हून अधिक स्त्रियांपैकी 13,000 हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे मजुरीचा खाडा नको, आणि "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" ही दाखवलेली भीती, अशा दोन दडपणांखाली पस्तिशीतल्या बाईला पन्नाशीचे शरीर पदरी पडते. अंडाशयही काढले असतील तर हाडांची आणि हृदयाची झीज त्या दिवसापासून सुरू होते. केवळ अंगावरून पांढरे जाते किंवा पाळीत जास्त जाते, एवढ्यावरून पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून संमतीपत्रावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये, आणि पूर्वीच शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींनी हाडांची तपासणी लवकर करून घ्यावी.

मुलामुलींना आणि सुनांना एवढेच सांगणे आहे की आईला वा सासूबाईंना डॉक्टरकडे नेल्यावर काही मिनिटे खोलीत एकटीला बोलू द्यावे. आणि ज्या भगिनी हे स्वतः वाचीत आहेत त्यांनी, कुणी नेईल म्हणून वाट न पाहता, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. तिथे तिशीपुढील स्त्रियांसाठी रक्तदाब व मधुमेह, तसेच तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख ह्यांच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी विनामूल्य करण्याची तजवीज आहे. तिथे पोहोचल्यावर गुडघ्याचे सांगून झाले की उठू नये, मनात असलेली दुसरी तक्रारही सांगावी.