घरकुलाचा पाया भरण्याआधी दाराची रुंदी ठरवा



“आमची आजी पाणीच पीत नाही,” असे वस्तीतल्या बऱ्याच घरांत ऐकू येते. आजीला तहान लागत नाही असे नाही. संडासाला जायचे तर दोन पायऱ्या उतराव्या लागतात, कुणाचा तरी हात धरावा लागतो आणि सून कामावर गेलेली असते. म्हणून आजी घोटभर पाण्यावर दिवस काढते. मग लघवीला जळजळ होते, ताप येतो, पोट साफ होत नाही. डॉक्टरांना दाखवायलाच हवे, पण दुखण्याचे एक मूळ घराच्या बांधणीत आहे, हेही ओळखायला हवे.

अर्धांगवायू, पोलिओ, अपघात, मधुमेहामुळे कापावा लागलेला पाय, अशा कारणांनी चालणे अवघड झालेला माणूस घरातही फिरू शकला नाही, तर एका जागी पडून राहतो. त्याचे सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात. त्याला रोज उचलणाऱ्या बाईची कंबरही कामातून जाते.

अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. त्यातले घरकुल साधारण २६९ चौरस फुटांचे असते. जागा तेवढीच मिळते, पण आतली आखणी आपण सांगू शकतो. पाया भरण्याआधी गवंड्याला या गोष्टी सांगा:

१. उतार : एक इंच उंचीला एक फूट लांबी धरा. जोते ८ इंच उंच असेल तर उतार ८ फूट लांब हवा. गल्ली अरुंद असल्यास तो भिंतीच्या कडेने घ्या. पृष्ठभाग खरबरीत ठेवा, गुळगुळीत कोबा पावसात घसरतो.

२. दार : उघडल्यावर मोकळी जागा ३ फूट राहिली पाहिजे. संडासाचे दारही तेवढेच ठेवा आणि ते बाहेर उघडू द्या. आत माणूस पडला तर दार अडत नाही.

३. उंबरठा : शक्यतो नकोच. चाकाची खुर्ची अडते, कमी दिसणाऱ्याला ठेच लागते.

४. संडास : घराला जोडूनच बांधा. आत किमान ५ बाय ६ फूट जागा ठेवा. कमोडची बैठक सुमारे १८ इंच उंच घ्या आणि तिच्या ८ ते १० इंच वर भिंतीत लोखंडी पाईपचा दांडा पक्का बसवा. दांड्याने मोठ्या माणसाचे पूर्ण वजन पेलले पाहिजे. पत्र्याच्या भिंतीत तो बसवू नका.

बांधतानाच दार सहा इंच जास्त रुंद ठेवायला फारसा जादा खर्च येत नाही. नंतर भिंत फोडायची तर मजुरी, वीट, सिमेंट सगळे पुन्हा लागते.

घर जुने असेल तर संडासात दांडा बसवा, अंथरुणापासून संडासापर्यंत भिंतीला दोर बांधा आणि वाटेत रात्री दिवा ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला.

आता हक्काचे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ३७ नुसार घरांच्या योजनांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य आहे. त्यासाठी यूडीआयडी ओळखपत्र काढून ठेवा. घरकुलाच्या अर्जात घरातल्या दिव्यांग व्यक्तीची नोंद करा आणि अर्जाची पोच घ्या. ग्रामपंचायत व नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. नगरपालिकेला लेखी अर्ज द्या.

आणि गवंडी सुतळी धरून आखणी करायला येईल, त्याआधी घरातल्या त्या माणसालाच विचारा : “रात्री संडासाला जाताना तुम्हाला कुठे अडते?” तो सांगेल तिथूनच आखणी सुरू करा.