शिकविण्याआधीची आखणी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठविताना दिलेल्या सूचना बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहेत. त्या एकदा शिक्षकाच्या नजरेने वाचून पाहा. आधी विद्यार्थी कोण, ते सांगितले आहे: ग्रंथधारक लोक, म्हणजे ज्यांना ईशग्रंथ आणि प्रेषित या गोष्टी नव्या नाहीत. मग क्रम येतो. प्रथम तौहीद व प्रेषितत्वाची साक्ष. ती त्यांनी मान्य केली, तर पाच वेळची नमाज. तीही मान्य केली, तर जकात. प्रत्येक पायरीपाशी एक 'तर' उभा आहे.

आपल्या घरांतून नेमका हा 'तर' गळतो. मूल नूरानी कायदा 'संपवते', मिठाई वाटली जाते, आणि नाजरा सुरू होताच ते तशदीदपाशी अडखळते. कायद्याची मांडणी उगाच तशी नाही. सुटी अक्षरे, जोडून लिहिलेली अक्षरे, मग जबर-जेर-पेश, तनवीन, पुढे जज्म आणि तशदीद. तशदीदमध्ये एकच अक्षर दोनदा येते, आधी जज्मने व मग हरकतीने. ज्याचा जज्म कच्चा, त्याच्याकडून तशदीद कितीही घोकून घेतली तरी व्यर्थ. मागेच जावे लागते.

मराठी शाळेतील मुलाच्या कानाला 'जग' आणि 'जाळे' यांतील ज निराळा आहे हे ठाऊक असते, लिपीत मात्र तो एकच. अरबीत जीम, जाल, जे, जाद, जोय ही पाच स्वतंत्र अक्षरे आहेत. देवनागरीत उतरविली की पाचांचा एकच ज होतो. म्हणूनच सूरा देवनागरीत लिहून पाठ करवून घेणे मला मान्य नाही. सोय होते खरी, पण जीभ बिघडते.

आता परीक्षेविषयी. नमाज घाईने आटोपणाऱ्या एका गृहस्थाला प्रेषितांनी (स.) पुन्हा नमाज अदा करण्यास तीन वेळा परत पाठविले. त्याने स्वतःच शिकविण्याची विनंती केली, तेव्हा एकेक कृती क्रमाने आणि प्रत्येक स्थितीत स्थिर होण्याच्या सूचनेसह सांगितली. पारख कृतीवरून झाली. ‘समजले का?’ असे विचारणे ही परीक्षा नव्हे. मूल ‘हो’ म्हणतेच.

आज मगरिबनंतर कायद्याचे कोणतेही पान मधूनच उघडून मुलाला वाचायला द्या. जेथे ते अडेल, त्याच्या एक पान मागून उद्याचा सबक सुरू करा.