नेलगनची फुसफुस

अंबड एमआयडीसीत लाकडी पॅलेट बनवणाऱ्या एका शेडमध्ये मी सुट्टीत जायचो. तिथली नेलगन ट्रिगर न दाबताच फुसफुसायची, खिळा अर्धाच ठोकायची. मी शहाणा, प्रेशर 6 बारवरून 7 वर नेलं आणि गन उलटी करून बघत बसलो. मिस्त्रीकाका ओरडले, "आधी एअर पाइप काढ, मग खिळे!" माझा डावा पंजा गनच्या तोंडासमोरच होता.

तर मंडळी, हवा ट्रिगरपाशी गळत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्हची ओ-रिंग बघा. वर एक्झॉस्टमधून येत असेल तर हेड व्हॉल्व्हची. (काका दोन्हींना 'वायसर'च म्हणतात, कॉन्व्हेंटमध्ये हे कुठे शिकवतात!) आमची वरची चिरली होती. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी कुणी काढतच नव्हतं, म्हणून आत तेलाचा पत्ता नाही. नवी रिंग, थोडं ग्रीस, इनलेटमध्ये एअर टूल ऑइलचे दोन-तीन थेंब. पुन्हा 6 बारवरच पहिला खिळा पार डोक्यापर्यंत गेला.