पॅकेजची नोंदपत्रिका : बसवण्याआधी काढण्याचा विचार

वसतिगृहात नवा विद्यार्थी दाखल झाला की त्याला गादी, ताट-वाटी आणि कपाटाचा एक कप्पा मिळतो आणि अधीक्षक त्याची नोंद वहीत करतात. त्या वहीची खरी गरज मात्र विद्यार्थी शाळा सोडतो त्या दिवशी लागते. गादी संस्थेची, ट्रंक त्याची, कपाट अनेकांचे, हे नोंद पाहूनच ठरते. संघाची खाट उघड्यावर मांडून ती जागच्या जागी न ठेवता निघून जाणाऱ्या भिक्षूला विनयपिटकातही दोष सांगितला आहे. संगणकावर सॉफ्टवेअर बसवणे व काढणे हा याच जातीचा व्यवहार असून त्याची नोंद कशी लिहावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

उदाहरण म्हणून आम्ही डेबियनची पद्धत घेतो. १९९३ साली इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने हा लिनक्सवर आधारलेला प्रकल्प सुरू केला. त्या काळी सॉफ्टवेअर बहुधा फायलींच्या गठ्ठ्याच्या रूपात मिळे. गठ्ठा सोडला की फायली यंत्रभर पसरत, आणि कोणती फाइल कोणाची हे पुढे सांगणे कठीण होई. डेबियनच्या पॅकेजमध्ये माल वेगळा आणि नोंद वेगळी असते. नोंद साध्या मजकुरात असते: प्रथम रकान्याचे नाव, मग अपूर्णविराम, मग मूल्य. शाळेच्या ग्रंथालयासाठी एखाद्या माजी विद्यार्थ्याने प्रोग्राम लिहिला, तर त्याची पत्रिका देवनागरीत साधारण अशी दिसेल:

पॅकेज: ग्रंथालय
व्हर्जन: १.२
आर्किटेक्चर: ऑल
मेंटेनर: शाळेचा संगणक विभाग
डिपेंड्स: पायथन३, मारियाडीबी-सर्व्हर
रेकमेंड्स: फॉन्ट्स-देवा
डिस्क्रिप्शन: पुस्तकांची देवघेव

‘डिपेंड्स’मधील गोष्टींवाचून प्रोग्राम चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’मधील गोष्टी सहसा हव्यात, पण त्यांच्यावाचून अडणार नाही. हा भेद काटेकोरपणे पाळावा. जे केवळ सोयीचे आहे त्याला अनिवार्य म्हटले, तर ते काढू पाहणाऱ्याला मूळ प्रोग्रामही गमवावा लागतो. प्रतीत्यसमुत्पाद अभ्यासलेल्या वाचकाला या रकान्याची ओळख चटकन पटेल, कारण आधार गेला की आधारित टिकत नाही. तथापि तथागतांनी संगणकशास्त्र सांगून ठेवले होते, असा दावा आम्ही करणार नाही. असले दावे इतरत्र पुष्कळ होतात.

‘कॉन्फ्लिक्ट्स’ म्हणजे एकत्र नांदू न शकणारी पॅकेजे आणि ‘प्रोव्हाइड्स’ म्हणजे पॅकेज पुरवीत असलेली सेवा. एक्झिम आणि पोस्टफिक्स ही दोन्ही पॅकेजे टपाल वाहून नेण्याची एकच सेवा पुरवतात. म्हणून इतर पॅकेजांना विशिष्ट नावाची अट न घालता त्या सेवेची अट घालता येते.

आता काढण्याकडे वळू. पॅकेज बसवताना डीपीकेजी हे साधन त्याच्या प्रत्येक फाइलीची यादी यंत्रावर जपून ठेवते. काढताना त्या यादीतील फायली पुसल्या जातात. फोल्डर मात्र रिकामे झाले असेल आणि दुसऱ्या पॅकेजचे नसेल तरच जाते. आमच्या मते या रचनेतील सर्वांत विचारी भाग म्हणजे ‘कॉन्फफाइल्स’ ही यादी. मांडणीच्या ज्या फायली वापरणारा स्वतःच्या हाताने बदलतो, त्या येथे वेगळ्या नोंदवल्या जातात. ‘रिमूव्ह’ म्हटले की प्रोग्राम जातो, या फायली राहतात. ‘पर्ज’ म्हटले तरच त्याही जातात. नवी आवृत्ती आली आणि तीच फाइल दोन्ही बाजूंनी बदललेली असली, तर कोणती ठेवायची हे माणसाला विचारले जाते.

पॅकेज कोणत्या कारणाने आले, हे मात्र त्याच्या पत्रिकेत लिहिता येत नाही. ते यंत्रागणिक वेगळे असते. म्हणून कोणते पॅकेज माणसाने मागितले आणि कोणते दुसऱ्यासाठी आपोआप आले, याची खूण एपीटी हे साधन स्वतंत्रपणे ठेवते. आधार घेणारे कोणी उरले नाही, की आपोआप आलेली पॅकेजे काढता येतात.

पत्रिकेत न मावणारी कामे चार लहान प्रोग्राम करतात: बसवण्यापूर्वी, बसवल्यावर, काढण्यापूर्वी आणि काढल्यावर. येथे सावध राहावे लागते. या प्रोग्रामांनी निर्माण केलेली फाइल यादीत येत नाही. तिची विल्हेवाट लेखकाला आठवणीने लिहावी लागते, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. यास्तव जे रकान्यात नोंदवता येते ते प्रोग्रामच्या हाती देऊ नये. शिवाय ‘पर्ज’च्या वेळी आधाराची पॅकेजे आधीच गेलेली असू शकतात. आमच्या ग्रंथालयाच्या शेवटच्या प्रोग्रामने मारियाडीबीला हाक मारली, तर ओ द्यायला तेथे कोणी नसेल.

आणि पुस्तकांची देवघेव? ती ना पॅकेजची ना मांडणीची. ती ग्रंथपालांची आणि मुलांची आहे. कित्येक वर्षांच्या नोंदी एका ‘पर्ज’ने जाऊ नयेत म्हणून डेटाबेसची काही पॅकेजे काढताना थांबून विचारतात की साठवलेली माहितीही पुसायची आहे का. आपल्या पॅकेजमध्ये हा प्रश्न मराठीत लिहावा, आणि उत्तर न मिळाल्यास ‘नाही’ असे समजावे.